न फोडलेली सुपारी

मला त्यांची भीती वाटायची. ते जाऊन चार वर्षं झाली, तरी ती गेलेली नाही.

आमच्या कबड्डी मंडळाला यंदा पन्नास वर्षं होत आहेत, म्हणून स्मरणिका निघते आहे. आताचा चिटणीस दीड महिन्यापूर्वी घरी आला. म्हणाला, "काका, तुम्ही एकोणीस वर्षं चिटणीस होतात. मंडळासाठी झटलेल्या एखाद्या जुन्या माणसावर दोन पानं लिवा. गोड गोड लिवा, जाहिरात देणारे पण वाचतात." मी हो म्हटलं. फाटकापर्यंत जाऊन तो परत वळला. "फक्त त्या मोजणीदारांवर नको हां. लोकांना आवडणार न्हाय."

तेव्हाच मला कळलं की मी कुणावर लिहिणार आहे. गोड होणार नाही, आणि दोन पानांत बसणारही नाही.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. जमिनींच्या हद्दी मोजण्यात सगळी नोकरी गेलेली. चौलच्या रस्त्याला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. बायको लवकर गेलेली, मुलगी पनवेलला दिलेली. उंच, जरा वाकलेले, सदऱ्याच्या एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्यात खडू. मंडळाच्या प्रत्येक सामन्याला गुण लिहायला तेच बसत, पण बसण्याआधी सगळं मैदान स्वतः मोजत. एकदा स्पर्धेच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. गळ्यात हार पडला, हातात नारळ आला, आणि हे मध्यरेषेवर उकिडवे बसलेले.

"रेषा चार बोटं सरकलीय," ते म्हणाले.

"चालतंय हो काका," पाहुणे हसून म्हणाले.

"चार बोटांवरून डोकी फुटलेली मी बघितलीयत साहेब. फक्की आणा रे."

पाहुणे हातात नारळ घेऊन उभे राहिले आणि दोन पोरांनी सगळी रेषा पुसून पुन्हा मारली. सामना त्यानंतर सुरू झाला.

अशा गोष्टींनी लोक हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण त्यांची दुसरी मोजणी माझ्यावर चालायची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एका मंडळाचा खेळाडू दुसऱ्या मंडळाकडून खेळणार असेल तर त्याला आधीच्या मंडळाचा ना हरकत दाखला लागतो. दोन मंडळांचं जमलं की दाखल्यांची अदलाबदल होते. आमचा चढाईवाला तुम्हाला, तुमचा कोपऱ्यातला पकड करणारा आम्हाला. त्या दाखल्यावर सही चिटणिसाची, म्हणजे माझी.

मोजणीदार या अदलाबदलींवरून कमिटीची लायकी ठरवत. करंडक किती आले, मिरवणूक किती मोठी निघाली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "करंडक एका पावसाने, एका पंचाने पण मिळतो," म्हणायचे. "तुम्ही कुणाला आणलंत आणि कुणाला जाऊ दिलंत, ते सांगा."

त्यांच्या ओसरीवर एक पाट होता आणि त्यावर दोन पितळी वाट्या. एका वाटीत आमचे खेळाडू, दुसरीत बाकी जगाचे. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक वाळलेली सुपारी, तिच्यावर चाकूच्या टोकाने कोरलेलं त्याचं आद्याक्षर. अदलाबदल झाली की त्या दोन सुपाऱ्या ते वाटीतून काढत आणि लाल फडक्याच्या चिंधीत गाठ मारून ठेवत. सरकारी दप्तरं बांधायचं ते फडकं, नोकरीतून उरलेलं. कुणी विचारलं, "काय काका, बरोबर केलं का आम्ही?" की त्यांचं ठरलेलं उत्तर: "तीन वर्षांनी बघू."

तीन वर्षंच का, असं मी एकदा विचारलं होतं. "पहिलं वर्ष नव्याचं. दुसरं सवयीचं. तिसऱ्या वर्षी माणूस दिसतो. आणि त्याला आणणारे पण दिसतात."

तीन वर्षं भरली की वार्षिक सभेत ते चिंधी घेऊन उठत. कमिटीचं बरोबर ठरलं असेल तर ते अडकित्त्याने दोन्ही सुपाऱ्या केसासारख्या बारीक कातरून सगळ्या सभेला वाटत. चुकलं असेल तर अख्खी सुपारी अध्यक्षांच्या किंवा माझ्या समोर ठेवत आणि म्हणत, "चावा."

आमचे जुने अध्यक्ष नारळाचे व्यापारी. त्यांनी हट्टाने एक नावाजलेला चढाईवाला आणला होता आणि त्याच्या बदल्यात आळशी म्हणून एक पोरगा दिला होता. तीन वर्षांत आळशी पोरगा जिल्ह्याच्या संघात गेला आणि नावाजलेला मस्कतला. मोजणीदारांनी अध्यक्षांसमोर सुपारी ठेवली.

"काका, माझी कवळी हाय," अध्यक्ष म्हणाले.

"मग चघळा. वेळ आहे तुमच्याकडे. निवडणूक अजून दोन वर्षांनी आहे."

हास्याने सभागृह दणाणलं. पण एका वर्षी त्यांनी मुरूडकडच्या एका अदलाबदलीवर सुपारी कातरली आणि पहिली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा घरी जाताना मला कलेक्टर झाल्यासारखं वाटलं होतं. इतकं त्यांचं मत मी मानत होतो. म्हणूनच भीती होती.

टीव्हीवरचे खेळाडूंचे लिलाव ते मन लावून बघत आणि वैतागत. "घेतला, घेतला म्हणून ओरडतात. सोडला त्याचं नाव पण घेत नाहीत."

आता नितेशबद्दल. माझे हात इथे थांबतात, पण लिहितो.

नितेश खाडीपलीकडच्या गावचा. बाप समुद्रात गेलेला, आई मासळी विकायची. मामा आमच्या गावात, म्हणून तो आमच्या मंडळाकडून खेळायचा. तेवीस वर्षांचा पोरगा, पायात वारा. समोरच्यांच्या अंगणात शिरला की प्रेक्षकच श्वास धरून बसायचे. त्या मोसमात मोजणीदार एका सामन्यानंतर माझ्याकडे आले. "नितेशचा दम मध्येच तुटतोय. तीन सामने बघतोय मी. स्पर्श करून वळतो आणि क्षणभर उभाच राहतो. आपली बाजू कुठली ते विसरल्यासारखा. डॉक्टरला दाखव."

मी त्याला अलिबागला घेऊन गेलो. डोक्याचा फोटो काढला. नितेश बाहेर बाकावर पेंगत होता, आत डॉक्टर मला म्हणाले, "जुन्या माराने आत इजा झालीय. वर्षभर खेळ पूर्ण बंद. मुंबईला दाखवा. पुन्हा डोक्याला लागलं तर जिवावर येईल. घरच्यांना नीट समजवा." त्यांनी ते लिहूनही दिलं. कागद मी घडी करून खिशात ठेवला. बाहेर येऊन नितेशला म्हणालो, "थकवा आहे. आठ दिवस आराम कर." गावात येऊन मोजणीदारांनाही तेच सांगितलं. "दाखवलं. थकवा आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं."

त्याच आठवड्यात खाडीपलीकडच्या मंडळाचा निरोप आला होता. त्यांना नितेश हवा होता आणि त्याच्या बदल्यात ते त्यांचा डावा कोपरा द्यायला तयार होते. आम्हाला कोपरा हवाच होता. कागद दाखवला असता तर नितेशला कुणी घेतलं नसतं आणि कोपराही मिळाला नसता. मी स्वतःला समजावलं की डॉक्टर घाबरवतातच. मी सही केली.

नितेशची आई दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून आमच्या घरी आली. मुलगा स्वतःच्या गावाकडून खेळणार याचा तिला कोण आनंद. माझ्या बायकोच्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी दिली आणि मला म्हणाली, "चिटनीस, देवासारखा काम केलाव तुमी."

मोजणीदार मात्र अदलाबदल कळताच ओसरीवरून उठून तडक आले. "नितेशला का सोडलास?"

"कोपरा हवा होता, काका."

"ते घेतल्याचं उत्तर झालं. मी सोडल्याचं विचारतोय."

मी काहीतरी बोललो. त्याची इच्छा होती, आई म्हणाली, असं. त्यांनी खिशातून दोन सुपाऱ्या काढल्या, माझ्यासमोर चिंधीत बांधल्या. "तीन वर्षांनी बघू."

आम्ही त्या वर्षी करंडक जिंकलो. कोपरा खरोखरच चांगला होता. मी मिरवणुकीत गुलाल लावून नाचलो आणि प्रत्येक रविवारी पाच वाजता, खाडीपलीकडे सामना सुरू होण्याच्या वेळी, फोनजवळ जाऊन बसायचो. सामना संपेपर्यंत तांब्याने पाणी पीत राहायचो. बायको म्हणायची, तुम्हाला साखर झाली असेल, तपासून घ्या. सात महिने असे काढले.

सातव्या महिन्यात एका रविवारी फोन आला. नितेश चढाईला गेला होता. तिघांनी धरला, पडला आणि उठलाच नाही.

अलिबागच्या दवाखान्यात दोन्ही गावांतली पन्नासएक माणसं जमली होती. नितेशची आई भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी म्हणालं, "एवढा धडधाकट पोरगा. याला झाला काय अचानक?" सगळे माझ्याकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं. कागद माझ्या कपाटात होता. माझ्या तोंडून निघालं, "काय सांगू. मोजणीदारांनी त्याची सुपारी लाल फडक्यात बांधून ठेवलीय ना."

एवढंच एक वाक्य. मी ते कुजबुजल्यासारखं बोललो. बोलताना त्याचा काय अर्थ होईल हे मला माहीत होतं. नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

मग एक बाई म्हणाली, "अक्षर पन कोरलाय म्हने त्याच्यावर." ज्या सुपाऱ्यांवर गाव पंधरा वर्षं हसलं, त्यांची त्या एका संध्याकाळी करणी झाली.

नितेश वाचला. डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ जड झाली.

मोजणीदारांना गुण लिहायला बोलावणं बंद झालं. त्यांच्या फाटकासमोरून जाताना बायका पोरांना पलीकडच्या बाजूला घ्यायच्या. पोफळीवर चढणाऱ्या माणसाने त्यांच्या वाडीत यायला नकार दिला. "काका, मला पन पोरं हायत," म्हणाला. त्या वर्षी त्यांच्या सुपाऱ्या झाडावरच पिकल्या, गळल्या आणि वाडीत सडल्या. सभेला ते येत राहिले. मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहत.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. दया आली म्हणून नव्हे. त्यांना किती कळलंय ते काढायला गेलो. भरदुपार होती. ते ओसरीवर गळलेल्या सुपाऱ्या सोलत बसले होते.

"काय चिटणीस, आमची पायरी चढायला भीती नाही वाटत?"

"लोकांचं सोडा, काका."

"लोकांचं सोडलं." त्यांनी चाकू खाली ठेवला. "डॉक्टर काय म्हणाले होते रे?"

"सांगितलं होतं ना. थकवा."

"कागद दिला होता त्यांनी?"

"नाही."

वाडीत कुठेतरी माडाचा झाप पडला आणि मी दचकलो. त्यांनी ते पाहिलं. "बरं," म्हणाले आणि पुन्हा चाकू उचलला. "तुझी पण तीन वर्षं व्हायची आहेत."

त्यांना माझं वाक्य कुणी सांगितलं असेल का? मला आजही माहीत नाही. ते कधी भांडले नाहीत, पोलिसात गेले नाहीत. उरलेली सव्वादोन वर्षं मी रोज वाट बघितली की ते आज बोलतील. देवळात, दुकानात, एसटीच्या थांब्यावर. ते फक्त मान हलवायचे.

तिसऱ्या वर्षीच्या सभेत ते उठले. हातात लाल चिंधी होती. ती दिसताच पुढच्या रांगेतले लोक खुर्च्या सरकवून बाजूला झाले.

"काका, खाली बसा," अध्यक्ष म्हणाले. नवे अध्यक्ष, तरुण. बोलताना त्यांनीही खुर्ची मागे सरकवली.

मोजणीदारांनी टेबलावर गाठ सोडली. कोपऱ्याची सुपारी उचलली आणि सावकाश कातरली. "कोपरा चांगला निघाला. घेतलात ते बरोबर." कातरलेली सुपारी त्यांनी कागदावर ठेवली. एकानेही घेतली नाही. मग त्यांनी दुसरी सुपारी, 'नि' कोरलेली, माझ्यासमोर ठेवली. तिच्या शेजारी अडकित्ता ठेवला.

"ही तू फोड, चिटणीस. याचं उत्तर तुझ्याकडे आहे."

"हात लावू नका!" मागून कुणीतरी ओरडलं.

ते उभे होते. रागावलेले नव्हते. मोजपट्टीचं दुसरं टोक समोरच्याच्या हातात दिलं की मोजणीदार जसा थांबतो, ताण येण्याची वाट बघत, तसे थांबले होते. मी तेव्हा बोललो असतो तर ते त्या सभेतून सरळ मानेने घरी गेले असते. मी समोरची विषयपत्रिका उचलली आणि म्हणालो, "पुढचा ठराव."

ते अडकित्ता तिथेच ठेवून निघून गेले. लोक म्हणाले, दोन्ही वस्तू खाडीत टाका. टाकतो म्हणालो आणि घरी आणल्या. त्याच कपाटात ठेवल्या, कागदाजवळ. पुढच्या पावसाळ्यात मोजणीदार गेले. खांदा द्यायला सहा माणसं होती, त्यांतली चार पनवेलची. मी नव्हतो.

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि लक्षात आलं की हे आधी छापून चालणार नाही. आधी एका घरी जायला हवं. गेल्या महिन्यात मी खाडीपलीकडे गेलो. चार वेळा पुलापर्यंत जाऊन परतलो होतो, पाचव्यांदा गेलो.

नितेश ओट्यावर बसला होता. आता बत्तीस वर्षांचा, पण अंगाने सुकलेला. त्याच्या आईने मला लगेच ओळखलं. "आवो चिटनीस! बसा, बसा. किती वर्सांनी." आतून पाण्याचा पेला आणला, माझ्यापुढे ठेवला. मी पेल्याला हात न लावता कागद काढला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, थकवा, कोपरा, सही. दवाखान्यातलं वाक्यही.

मग नितेश एकेक शब्द ओढत म्हणाला, "मंग... ते काका... कशाला यायचे?"

"कोण काका?"

त्याची आई माझ्याकडे न बघता बोलली. "तो म्हातारा यायचा दर गुरवारी. एसटीने. मरंपर्यंत. पयल्या दिवशी दारात हुभा ऱ्हायला आनि बोल्ला, माजी चूक झाली. मी समाजले, करनी कबूल करतोय." तिने अंगणातल्या माडाकडे बोट केलं. "तितं बसायचा, त्या माडाच्या बुडात. याच्याशी खेळाचा बोलायचा. मी वर घेतला न्हाय कदी. उन्हातान्हाचा यायचा. पानी दिला न्हाय मी त्याला."

"त्यांची चूक एवढीच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला," मी म्हणालो. "डॉक्टरांना स्वतः विचारलं नाही."

ती उठली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने माझ्यापुढचा भरलेला पेला उचलला, अंगण ओलांडून माडापाशी गेली आणि पाणी हळूहळू त्याच्या बुडात ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत पेला वाकडा धरून उभी राहिली. मग परत आली आणि म्हणाली, "जावा आता. गाडी चुकंल."

मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा नितेशने मागून हाक मारली. वळायचा धीर झाला नाही, पण थांबलो.

"सबेत... सांगा," तो म्हणाला. "सगल्यांसमोर."

हा मजकूर मी आताच्या चिटणिसाला देतो आहे. छापायचा की नाही ते त्याने ठरवावं. वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे. मी येणार आहे, कागद घेऊन. सुपारी आणि अडकित्ताही. मागच्या दाराजवळच्या खुर्चीशेजारी अजूनही कुणी बसत नाही, तिथे यंदा मी बसेन. तिथून उठून टेबलापर्यंत जायला बावीस पावलं आहेत. काल रिकाम्या सभागृहात जाऊन मोजली.

मला भीती वाटते आहे. नितेशच्या आईला मी बोलावलं आहे, ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. आज सकाळी अडकित्ता काढून पाहिला. इतकी वर्षं पडून त्याची खीळ गंजली होती, दोन्ही पाती चिकटून बसली होती. खोबरेल तेल सोडलं आणि दुपारपर्यंत उन्हात ठेवला. आता उघडतो.